केसिंगमधला दुभाषा

येत्या सिंहस्थाची चर्चा नाशिकमध्ये सुरू झाली, तशी माझ्या भाच्याला २०१५ च्या सिंहस्थात मी काढलेल्या छायाचित्रांची आठवण झाली. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मी रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंत भल्या पहाटे कॅमेरा घेऊन हिंडत असे, आणि पुढच्याच वर्षी, २ ऑगस्ट २०१६ रोजी, गोदावरीला मोठा पूर आला तेव्हा दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कुठवर चढले हे पाहायला जमलेल्या गर्दीतही मी होतो. हा सगळा संग्रह माझ्या जुन्या डेस्कटॉपमधल्या १ टीबीच्या हार्ड डिस्कवर होता. मदरबोर्ड गेल्यापासून तो डेस्कटॉप माळ्यावर पितळी घंगाळाशेजारी चादरीत गुंडाळून ठेवलेला होता, आणि छायाचित्रांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. का नव्हती, याचे सांगण्यासारखे उत्तर माझ्याकडे नाही.

मदरबोर्ड गेला म्हणून हार्ड डिस्क जात नाही, एवढे मला ठाऊक होते. कॅबिनेटचे झाकण उघडले, चार स्क्रू काढले, डेटाची आणि विजेची अशा दोन्ही केबल सोडवल्या आणि डिस्क हातात आली. ती यूएसबीने लॅपटॉपला जोडायची, तर तिच्यासाठी बाहेरचा डबा लागतो, ज्याला दुकानात सगळे ‘केसिंग’ म्हणतात आणि ज्याच्या खोक्यावर ‘एन्क्लोजर’ असे छापलेले असते. काही वर्षांपूर्वी घेतलेला असा एक डबा कपाटात होता. त्याचा अडॅप्टर मात्र सापडेना. मग अशा वेळी घरोघरी जे केले जाते तेच मी केले आणि ज्याची पिन बसेल असा दुसरा अडॅप्टर शोधला. इंटरनेटच्या राउटरचा बसला. त्याच्यावरही १२ व्होल्ट असेच लिहिलेले असल्यामुळे मला शंका घेण्याचे कारण दिसले नाही.

डिस्क फिरू लागली, वेग घेताना होणारा तिचा चढता स्वर ऐकू आला, मग ‘टक्’ असा आवाज होऊन ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून फिरू लागली. असे चार-पाच वेळा झाल्यावर मी घाबरून स्विच बंद केला. दुसऱ्या दिवशी डिस्क, डबा आणि तोच अडॅप्टर एका पिशवीत घालून मी महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने माझाच डबा, माझाच अडॅप्टर लावून पाहिला, दोनदा ‘टक्’ ऐकले आणि सांगितले, ‘‘काका, हेड गेलंय. डेटा पाहिजे असेल तर लॅबला पाठवावी लागेल.’’ हेड म्हणजे फिरत्या तबकडीवरचा मजकूर वाचणारे टोक. लॅबचा म्हणून जो आकडा त्याने सांगितला, त्यात एक बरा लॅपटॉप आला असता.

घरी परतल्यावर मी, केवळ दुःखाने, डिस्कवरचे लेबल वाचत बसलो. त्यावर दोन ओळी होत्या. ५ व्होल्टच्या तारेवर पाऊण अँपिअरच्या आसपास आणि १२ व्होल्टच्या तारेवर साधारण अर्धा अँपिअर वीज लागते, असा त्यांचा अर्थ होता. राउटरचा अडॅप्टर १ अँपिअरचा होता, म्हणजे हिशेबाने तो पुरायला हवा होता. परंतु लेबलवरचा हा आकडा डिस्क पूर्ण वेगाने फिरत असतानाचा असतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांचा वेग शून्यातून गाठताना ३.५ इंची डिस्कची मोटर पहिले काही सेकंद १२ व्होल्टच्या तारेवरून दोन अँपिअरच्या जवळपास वीज ओढते. विहिरीवर मोटर बसवलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, कारण मोटर सुरू होताना घरातले दिवे कसे मंदावतात हे त्याने रोज पाहिलेले असते. माझ्या बाबतीत घडत होते ते एवढेच की डिस्क वेग घ्यायला लागली की अडॅप्टर खचत असे, व्होल्टेज पडत असे, डिस्क शहाणपणाने आपली हेड जागेवर मागे घेत असे, त्याचाच ‘टक्’ असा आवाज येत असे आणि भार उतरल्यामुळे व्होल्टेज पुन्हा वर आले की सगळा खेळ नव्याने सुरू होत असे. मी १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर विकत आणला. डिस्क एका दमात वेगावर आली आणि अर्ध्या मिनिटात ‘सिंहस्थ २०१५’ हे फोल्डर पडद्यावर होते.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने तपासले ते माझ्याच सदोष जोडणीतून तपासले, आणि सदोष जोडणीतून निरोगी डिस्कही मेलेलीच दिसते. मात्र त्या दिवसापासून माझे एक मत पक्के झाले आहे. हा डबा आपण डिस्क झाकायला घेतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात आपण एक वीजपुरवठा आणि एक दुभाषा विकत घेत असतो, आणि डिस्कविषयी आपल्याला जे काही कळते ते सगळे या दुभाष्याच्या तोंडून कळते. तो अडखळला, गप्प बसला किंवा चुकीचे बोलला, तर आपण डिस्कला दोष देऊन मोकळे होतो.

डबा उघडला तर आत पत्ते खेळण्याच्या पानाहूनही लहान असे एक सर्किट बोर्ड दिसते. त्याच्या एका टोकाला डिस्कसाठीच्या ‘साटा’ नावाच्या प्रमाणित पद्धतीची जोडणी असते, म्हणजे डेटासाठी ७ आणि विजेसाठी १५ पट्ट्या. दुसऱ्या टोकाला यूएसबीचे तोंड असते. आणि मध्ये एक काळी चौकोनी चिप असते. ही चिप म्हणजे दुभाषा. हार्ड डिस्कला एटीए नावाची आज्ञावली समजते, तर यूएसबीवरून संगणक जे बोलतो ते स्कझी नावाच्या निराळ्या आज्ञावलीत असते. ‘अमुक क्रमांकाच्या कप्प्यातले वाचून दे’ ही साधी मागणीसुद्धा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाऊन परत येते. जेमायक्रॉन, एएसमीडिया, रिअलटेक अशा मोजक्या कंपन्या या चिप बनवतात आणि बाजारात दिसणारी डझनावारी नावे बहुधा याच चिपवर निरनिराळे डबे चढवतात. म्हणून डब्यावरच्या नावापेक्षा आतल्या चिपचा क्रमांक कळला, तर खरेदी अधिक डोळसपणे करता येते. तो खोक्यावर क्वचितच छापलेला असतो. वस्तूच्या तांत्रिक माहितीत कधी मिळतो, कधी मिळत नाही.

हा दुभाषा दोन पद्धतींनी काम करतो. जुन्या पद्धतीत तो एक आज्ञा घेतो, ती पूर्ण होईपर्यंत थांबतो आणि मगच दुसरी स्वीकारतो. यूएएसपी नावाच्या नव्या पद्धतीत तो अनेक आज्ञा एकदम घेऊन रांगेत लावतो. फिरत्या हार्ड डिस्कला याचा फायदा माफक होतो, कारण तिथे खरा वेळ हेड इकडून तिकडे नेण्यात जातो. पण जुन्या लॅपटॉपमधली साटा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर मजकूर ठेवणारी डिस्क, डब्यात घालणार असाल तर यूएएसपी असलेलाच डबा घ्यावा. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी -टी’ ही आज्ञा दिली की ‘यूएएस’ चालते आहे की नुसते ‘यूएसबी-स्टोरेज’, हे एका ओळीत कळते.

वेगाच्या बाबतीत मात्र सगळ्यात मोठा फरक पडतो तो यूएसबीच्या पिढीमुळे. माझा जुना डबा यूएसबी २.० चा होता. या पिढीचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला, तरी हाती लागतो तो ३० ते ४० एमबीच. माझा संग्रह सुमारे ५०० जीबीचा. ३५ एमबीच्या वेगाने तो लॅपटॉपवर उतरवायला चार तास लागणार हे पाटीवरचे गणित होते आणि तेवढे लागलेही. तीच डिस्क यूएसबी ३.० च्या डब्यात सरासरी ११० एमबीने वाचली गेली असती, तर काम सव्वा तासात झाले असते. त्यापुढे मात्र पैसे ओतण्यात अर्थ नाही. यूएसबी ३.० चा ५ गिगाबिटचा रस्ता कोणत्याही सामान्य फिरत्या डिस्कला पुरून उरतो, त्यामुळे फिरत्या डिस्कसाठी १० गिगाबिटचा डबा घेणे म्हणजे बैलगाडीसाठी द्रुतगती मार्गाचा टोल भरण्यासारखे आहे.

ते चार तास मे महिन्याच्या अखेरचे होते आणि त्यांनी मला आणखी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली उष्णतेची. डबा प्लॅस्टिकचा, चहूबाजूंनी बंद, आणि आत ७,२०० फेऱ्यांची डिस्क. तासाभराने क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये पाहिले, तर तापमान ५४ अंश सेल्सिअस झालेले होते. अनेक हार्ड डिस्कसाठी उत्पादक ६० अंश ही कमाल मर्यादा सांगतात. मी नक्कल थांबवली, डब्याचे वरचे झाकण काढून बाजूला ठेवले आणि टेबल फॅन त्याच्याकडे वळवला. पुढच्या वीस मिनिटांत तापमान चाळिशीच्या आत-बाहेर आले. ॲल्युमिनियमच्या डब्यात डिस्क धातूला नीट टेकलेली असेल, तर डब्याचे सगळे अंगच उष्णता बाहेर टाकते आणि हा खटाटोप करावा लागत नाही. मिनिटभराची फाइल नेण्या-आणण्यासाठी प्लॅस्टिक चालते, तासन्‌तासांच्या कामाला नाही.

दुसरी गोष्ट वळवाच्या पावसाने शिकवली. नक्कल अर्ध्यावर असताना वारा सुटला आणि वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर निवांत चालू राहिला, पण डब्याचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगमध्ये असल्यामुळे डिस्क त्याच क्षणी बंद पडली. मी तिच्यावरून फक्त वाचत होतो म्हणून निभावले. तिच्यावर काही लिहिले जात असते, तर फाइल अर्धवट राहिली असती आणि कदाचित फाइल सिस्टिमच्या, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे हे सांगणाऱ्या, नोंदीही बिघडल्या असत्या. लॅपटॉप वापरणाऱ्या माणसाला वीज जाण्याची धास्ती राहिलेली नसते आणि नेमका तिथेच तो फसतो. ३.५ इंची डिस्कच्या डब्याला स्वतःची बॅटरी नसते, म्हणून तो यूपीएसच्याच प्लगवर असावा. २.५ इंची डिस्क, म्हणजे लॅपटॉपमधली लहान डिस्क, लॅपटॉपच्याच यूएसबीवरून वीज घेते आणि लॅपटॉपसोबत जगते. या एका बाबतीत ती थोरलीपेक्षा सुरक्षित आहे.

पण धाकटीचेही विजेचे दुखणे आहेच. तिला १२ व्होल्ट लागत नाहीत, ५ व्होल्टवर तिचे भागते. मात्र सुरू होताना तीसुद्धा १ अँपिअरच्या आसपास वीज मागते. नियमाप्रमाणे यूएसबी २.० च्या तोंडातून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० मधून ९०० मिलिअँपिअर मिळायला हवेत. बहुतेक तोंडे प्रत्यक्षात थोडे अधिक देतात, म्हणून आपले चालून जाते. नाशिकरोडला राहणाऱ्या माझ्या बहिणीचा लॅपटॉप बंद पडला तेव्हा भाच्याने त्यातली डिस्क काढून एका स्वस्त डब्यात घातली, कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाला दीड मीटरच्या बारीक केबलने जोडली आणि मला फोन केला, ‘‘मामा, ही पण मेली.’’ मी म्हटले, ‘‘अरे, आधी केबल बदल, आखूड घे, आणि मागच्या बाजूला लाव.’’ पुढचे तोंड कॅबिनेटमधल्या लांब तारेने मदरबोर्डला जोडलेले असते, त्यात ही लांब केबल. तारांच्या लांबीत व्होल्टेज झिजते आणि डिस्कपर्यंत पोहोचेतो ५ चे साडेचार झालेले असते. मागच्या तोंडाला आखूड केबल लावल्यावर ती डिस्क निमूटपणे चालू लागली. वाय आकाराची, दोन तोंडांतून वीज घेणारी केबल पूर्वी याच कारणासाठी डब्यासोबत मिळत असे.

त्या डिस्कवरचा मजकूर उघडायलाही थोडा वेळ गेला. काही लॅपटॉपमध्ये विंडोजने मालकाला फारसे न विचारता डिस्क कुलूपबंद केलेली असते आणि डब्यातून जोडताच बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली जाते. बहिणीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती जतन झालेली होती. ती मिळाली नसती, तर डिस्क धडधाकट असूनही काही उपयोग नव्हता.

२.५ इंची डिस्कच्या जाडीकडेही दुर्लक्ष होते. त्या ७, ९.५, १२.५ आणि १५ मिलिमीटर अशा जाडींत मिळतात, आणि बहुतेक डबे ९.५ मिलिमीटरपर्यंतच्या डिस्कसाठी असतात. त्यात ७ मिलिमीटरची डिस्क घातली तर ती आत हलते आणि तिचा सगळा भार जोडणीच्या पट्ट्यांवर येतो. खोक्यात जो स्पंजचा तुकडा येतो, तो याचसाठी असतो. आपण तो थर्मोकोलबरोबर टाकून देतो.

आता दुभाषा चुकीचे बोलतो म्हणजे काय करतो, त्याकडे येतो. सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब पाहणाऱ्या माझ्या स्नेह्यांकडे ४ टीबीची डिस्क होती. ती त्यांनी एका जुन्या डब्यात घालून दोन वर्षे वापरली आणि मग रोज जोडण्या-काढण्याचा कंटाळा आल्यामुळे थेट डेस्कटॉपमध्ये बसवली. विंडोजने तिच्यावर काहीच नसल्याचे सांगितले आणि डिस्क इनिशिअलाइज करायची, म्हणजे कोरी समजून नव्याने मांडायची का, असा प्रश्न विचारला. त्यांनी ‘ओके’ दाबण्यापूर्वी मला विचारले, हे त्यांचे नशीब.

घडले होते ते असे. डिस्कवरची जागा क्रमांक दिलेल्या कप्प्यांत विभागलेली असते आणि संगणकाशी बोलताना एक कप्पा परंपरेने ५१२ बाइटांचा धरला जातो. डिस्कचे भाग पाडून त्यांची नोंद ठेवण्याला विभाजन म्हणतात, आणि जुन्या एमबीआर पद्धतीच्या विभाजनात या क्रमांकाला ३२ बिटांची मर्यादा आहे, त्यामुळे सुमारे २.२ टीबीच्या पलीकडची जागा मोजताच येत नाही. जीपीटी ही नवी पद्धत ती मर्यादा ओलांडते, पण विंडोज एक्सपीला तिचा सांभाळ येत नव्हता. तेव्हा डबे बनवणाऱ्यांनी एक युक्ती काढली. डब्यातली चिप आठ-आठ कप्पे एकत्र करून ‘माझा एक कप्पा ४,०९६ बाइटांचा आहे’ असे संगणकाला सांगू लागली. मोजमापाचे एककच आठपट मोठे झाल्यावर त्याच ३२ बिटांत मोठी डिस्क मावली. मात्र विभाजनाच्या सगळ्या नोंदी या मोठ्या एककात लिहिल्या गेल्या. तीच डिस्क डब्याबाहेर काढून थेट जोडली की संगणक त्या नोंदी ५१२ च्या मापाने वाचतो, आणि हजाराव्या कप्प्यात शोधायचे ते प्रत्यक्षात आठ हजाराव्या कप्प्यात असते. डेटा जागच्या जागी असतो, पत्ता तेवढा चुकलेला असतो. स्नेह्यांची डिस्क परत त्याच डब्यात घातली, सगळे दिसू लागले, मजकूर दुसरीकडे उतरवून घेतला आणि मगच ती डेस्कटॉपमध्ये बसवून नव्याने फॉरमॅट केली.

त्याहूनही जुन्या काही डब्यांना ही युक्तीही माहीत नसते आणि २.२ टीबीनंतर त्यांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. ३ टीबीची डिस्क अशा डब्यात ७४६ जीबीची दिसते. असे दिसले तर त्या डब्यातून डिस्कवर एक अक्षरही लिहू नये.

बाजारात तयार मिळणाऱ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कविषयी लोक मला विचारतात की तिचा डबा बिघडला, तर आतली डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालता येईल का. याचे उत्तर मॉडेलवर अवलंबून आहे आणि ते बरेचदा निराशाजनक असते. काही लहान डिस्कमध्ये साटाची जोडणीच नसते. यूएसबीचे तोंड थेट डिस्कच्या स्वतःच्या बोर्डावर जडवलेले असते. काहींमध्ये डब्यातली चिप प्रत्येक अक्षर सांकेतिक करूनच डिस्कवर लिहिते, आपण पासवर्ड ठेवला नसला तरीही, आणि ती चिप गेल्यावर डिस्क दुसरीकडे लावली की निव्वळ निरर्थक बाइट दिसतात. दुभाष्यासोबत भाषाही जाते, असे म्हणायला हरकत नाही. सुटी डिस्क आणि सुटे केसिंग घेण्याकडे माझा कल आहे तो यामुळे. डबा बिघडला तर बहुतेक वेळा पाच-सातशे रुपयांत दुसरा येतो आणि डिस्कला त्याची खबरही लागत नाही.

चांगला दुभाषा आणखी एक काम करतो, ते म्हणजे डिस्कच्या प्रकृतीच्या नोंदी, ज्यांना स्मार्ट म्हणतात, जशाच्या तशा पुढे पोहोचवणे. काही स्वस्त डबे हे करत नाहीत आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्क उमटतच नाही. तो डबा मी परत करतो. नोंदी दिसत असतील तर मी तीनच पाहतो. ०५ क्रमांकाची नोंद निकामी ठरवून बदललेले कप्पे सांगते. सी५ ही नोंद संशयित कप्पे सांगते, आणि ती वाढू लागली तर सगळी कामे सोडून आधी नक्कल उतरवून घ्यावी. सी७ ही नोंद मात्र डिस्कच्या तबकड्यांविषयी नसून डिस्क आणि डब्यातला बोर्ड यांच्यामधल्या संभाषणातल्या चुकांविषयी असते. ती वाढत असेल तर डिस्क काढून जोडणीच्या पट्ट्या पुसाव्यात, नीट बसवावी, आणि तरीही वाढली तर डबा बदलावा. दुकानांत ‘बॅड सेक्टर आलेत’ म्हणून जे सांगितले जाते, त्यातले काही सी७ चेच असते, असा माझा संशय आहे.

अर्थात प्रत्येक ‘टक्’ अडॅप्टरचा नसतो. पुरेसा अडॅप्टर, आखूड केबल, दुसरे तोंड आणि दुसरा डबा एवढे बदलून पाहिल्यावरही आवाज येतच राहिला, तर डिस्क खरोखरच आजारी आहे असे समजून ती तत्काळ बंद करावी. पूर्ण वेगात हेड तबकडीच्या काही नॅनोमीटर वर तरंगत असते आणि बिघडलेले हेड पुन्हा पुन्हा चालवून पाहणे म्हणजे तबकडी खरवडणे आहे. आवाज नाही, पण वाचताना डिस्क जागोजागी अडकते आहे, अशी अवस्था असेल तर घरच्या घरी एक प्रयत्न करता येतो. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो आणि अडणाऱ्या जागांकडे शेवटी वळतो. विंडोजमधली चेकडिस्क ही आज्ञा मात्र अशा डिस्कवर चालवू नये. ती फाइल सिस्टिम दुरुस्त करण्याच्या नादात मरणाऱ्या डिस्कवर लिहीत सुटते.

अडॅप्टरच्या बाबतीत कमी अँपिअरचा लावला तर डिस्क नुसती रुसते, पण जास्त व्होल्टचा लावला तर ती जळते. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरची पिनही काही डब्यांत बसते. तो लावला की डिस्कच्या बोर्डावरचा संरक्षक डायोड स्वतः बळी जाऊन तार जमिनीला जोडतो, आणि डिस्क त्यानंतर हूं की चूं करत नाही. जाणकार कारागीर तो डायोड काढून कधीकधी डिस्क पुन्हा सुरू करतात, पण त्या भरवशावर राहू नये. अँपिअर जास्त असलेला अडॅप्टर मात्र निर्धास्त लावावा. डिस्क आपल्या गरजेपुरतेच घेते.

एम.२ नावाच्या, लहान पट्टीसारख्या एसएसडींचे डबे हा निराळा विषय आहे, म्हणून एवढेच सांगतो की ती पट्टी साटाची आहे की एनव्हीएमई या निराळ्या पद्धतीची हे पाहून डबा घ्यावा, कारण दोन्हींसाठी चालणारी चिप सगळ्या डब्यांत नसते. डब्यासोबतचा उष्णतावाहक पॅड लावायला विसरू नये.

माझी छायाचित्रे आता तीन ठिकाणी आहेत: लॅपटॉपवर, नव्या ॲल्युमिनियमच्या डब्यातल्या डिस्कवर, आणि नाशिकरोडला बहिणीकडे तिच्याच जुन्या डिस्कवर. जुन्या १ टीबीच्या डिस्कची सी५ नोंद शून्य आहे आणि ०५ ची ८. महिन्यातून एकदा जोडून मी ती पाहतो. नव्या अडॅप्टरवर पांढऱ्या पट्टीवर ‘१२ व्होल्ट, २ अँपिअर, हार्ड डिस्क’ असे लिहून तो मी सुतळीने केसिंगलाच बांधून टाकला आहे. राउटरचा अडॅप्टर त्याच संध्याकाळी राउटरला परत लावला. घरात दिवसभर इंटरनेट का नाही, हा प्रश्न तोपर्यंत मला तीनदा विचारून झाला होता.